मंग दुसरा काऊन थंडा?

"लागलं कधी, मालूमच नाही." शुगरच्या माणसाच्या पायाला जखम झाली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पातूरच्या दवाखान्याच्या बाकड्यावर, अकोल्याला जाणाऱ्या एसटीत, तिथल्या सर्वोपचार रुग्णालयाच्या रांगेत, सगळीकडे तेच. आणि तो माणूस खोटं बोलत नसतो. पायजम्याच्या काठाला डाग दिसला, सुनेला फरशीवर ओलं पाऊल दिसलं, नाहीतर वास आला, म्हणून त्यानं पाय उलटा करून पाहिला. तेव्हा चवड्याखाली रुपयाएवढी जखम होती आणि तिची कड पांढरी पडली होती. म्हणजे ती आजची नव्हती.

ऐकणाऱ्याला वाटतं, केव्हातरी काटा रुतला असेल, खिळा घुसला असेल, आणि पाय बधिर असल्यामुळे ते कळलं नसेल. असंही होतं. आमच्या भागात तर काट्यांना तोटा नाही. तुरीची धसकटं आहेत, सराटे आहेत, कुपाटीच्या बाभळीचे काटे आहेत. पण तळपायाच्या पुष्कळशा जखमा अशा एका क्षणात होत नाहीत. त्या चालून चालून होतात. एकाच जागेवर, एकाच दिशेनं, रोज हजारो वेळा पडणारा मध्यम दाब त्या घडवतो. एका पावलानं काहीच बिघडत नाही. कालची, परवाची, आठवडाभराची पावलं मिळून कातडीच्या आतलं मांस चेचत जातात आणि बाहेरून कितीतरी दिवस सगळं ठीक दिसत राहतं.

साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की सर्वांत लांबच्या नसा आधी थकतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या येतात, आग होते, रात्री पांघरूण नकोसं वाटतं. मग हळूहळू ते सगळं कमी होतं आणि माणसाला वाटतं, चला, आराम पडला. खरं तर तेव्हाच काळजी वाढलेली असते, कारण कमी झालेली असते ती जाणीव. त्याच नसा पायातल्या बारीक स्नायूंना चालवतात, ते सुकतात, बोटं आकड्यासारखी वाकतात आणि चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. हाडांची टोकं कातडीच्या अगदी जवळ येतात. घोट्याचा सांधा ताठरतो, त्यामुळे पाऊल उचलताना सगळा भार पुढच्या भागावर जास्त वेळ राहतो. घाम येणं थांबतं, कातडी कोरडी होऊन भेगाळते. दाब पडतो तिथे शरीर बिचारं आपल्या परीनं बचाव करायला कातडी जाड करतं, घट्टा धरतं. पण तो घट्टा म्हणजे चपलेत अडकलेला खडाच, फक्त तो काढून फेकता येत नाही. प्रत्येक पावलाला तो आतल्या मांसावर दाबला जातो. जाणकार हातानं घट्टा तासून काढला तर त्या जागेवरचा दाब सुमारे पाव हिश्शानं उतरतो, असं मोजून पाहिलेलं आहे. घरी ब्लेडनं तासायला बसू नये, हे लगेच सांगून ठेवतो. त्या ब्लेडनं कितीतरी पाय गेले आहेत.

ही सगळी समज आपल्याला दिली ती एका वेगळ्या आजारानं. पॉल ब्रँड नावाचे शल्यवैद्य १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्मले आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तिथे ते कुष्ठरोग्यांवर उपचार करू लागले. तेव्हा सगळ्यांचा समज असा होता की कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं आणि बोटं झडतात. ब्रँड यांनी रोग्यांसोबत दिवस काढले, त्यांचे हातपाय रोज निरखले आणि त्यांच्या लक्षात आलं की रोग नसा बधिर करतो. पुढची बहुतेक हानी त्या बधिर हातापायांच्या रोजच्या वापरानं होते. गंजलेलं कुलूप उघडताना किल्लीनं बोट हाडापर्यंत चिरलं तरी पोराला पत्ता नसतो. रात्री झोपेत उंदीर पाय कुरतडतात आणि झोपलेला जागा होत नाही. वेल्लोरला रोग्यांना सोबत मांजर देण्याची वेळ आली होती, ही गोष्ट त्यांनीच सांगितलेली आहे. खाली जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या आपल्या घरांत शुगरच्या माणसालाही उंदीर चावतो, हे नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी आपल्या रुग्णांवरून लिहून ठेवलं आहे. परदेशातल्या पुस्तकात हा धोका बहुधा सापडणार नाही.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलला गेले. तिथे त्यांनी उंदरांच्या तळपायावर एक साधं यंत्र लावून पाहिलं. यंत्र मध्यम जोरानं, रोज हजारो वेळा, एकाच जागी दाब देई. पहिल्या दिवशी तळवा जरासा लाल आणि गरम झाला, दुसऱ्या दिवशी जास्त. आठवडा उलटता उलटता तिथे जखम झाली. दुसऱ्या गटात त्यांनी फेऱ्या थोड्या कमी केल्या आणि आठवड्यातून दोन दिवस सुट्टी दिली. त्या उंदरांचे तळवे जाड झाले, पण फुटले नाहीत. मला या प्रयोगातली ती दोन दिवसांची सुट्टी फार मोलाची वाटते. दाब जवळपास तोच, पाय तसाच, फरक पडला तो विसाव्यानं.

आपण धडधाकट माणसं हा विसावा न कळत घेत असतो. लांब चालताना चवडा दुखायला लागला की टाचेवर भार टाकतो, पाऊल जरा बाहेर वळवतो, दगडावर टेकतो, चप्पल काढून पाय चोळतो. यातलं काही आपण ठरवून करत नाही, दुखणं आपल्याकडून करून घेतं. बधिर पायाचा माणूस मात्र सकाळी ज्या जागेवर भार देऊन निघाला, संध्याकाळी त्याच जागेवर भार देत घरी येतो.

बधिर पायाचं हे दुखणं विदर्भाला नवं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये आणि अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवनात कुष्ठरोग्यांसाठी घर उभं केलं. पुढे वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन झालं. बधिर पाय रोज संध्याकाळी उलटा करून बघायचा, भेगांना तेल लावायचं, चपलेत हात घालून खिळा-खडा तपासायचा, हा शिरस्ता कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांनी हजारो घरांत रुजवला. मऊ रबराची, मागे पट्टा असलेली एमसीआर चप्पल सरकार कुष्ठरोग्यांना फुकट देतं, ती याच विचारातून आली. फक्त एक फरक लक्षात ठेवायला हवा. कुष्ठरोग्यांना पाय पाण्यात भिजवून घ्यायला सांगतात. शुगरच्या माणसानं तसं करू नये. धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा करून, बेचक्या सोडून तेल लावावं. एवढं सगळं ज्ञान आपल्या भागात पाऊणशे वर्षांपासून नांदत असताना शुगरच्या लाखो माणसांपर्यंत ते का पोचू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनं देशात १० कोटींवर माणसांना मधुमेह असल्याचं सांगितलं. मधुमेह असलेल्या दर तीन-पाच माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी पायाची जखम होते, आणि भरलेली जखम वर्षाच्या आत पुन्हा उघडण्याचं प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास आहे. आपल्या दवाखान्यांत बोटाला सुई टोचून साखर बघतात, पट्टा बांधून बीपी बघतात. चप्पल काढायला मात्र क्वचितच कोणी सांगतं.

आता उष्णतेकडे येतो, कारण मला खरं बोलायचं आहे ते तिच्याबद्दल. कातडीखालचं मांस चेचलं जाऊ लागलं की शरीर तिकडे रक्त धाडतं, सूज आणतं आणि ती जागा गरम होते. जखम दिसण्याच्या कितीतरी दिवस आधी हे घडतं. माणसाला दुखत नाही, पण पाय तापतो. ब्रँड रोग्यांच्या पायांवरून हात फिरवून अशा गरम जागा शोधत. पुढे अमेरिकेत लॉरेन्स लेव्हरी आणि डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनी हे मोजमापात बसवलं. दोन्ही पायांच्या त्याच त्या सहा जागा रोज मोजायच्या. उजव्या अंगठ्याशी डावा अंगठा, उजव्या चवड्याशी डावा चवडा ताडून बघायचा. फरक २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त निघाला तर चालणं कमी करायचं आणि दवाखान्याला कळवायचं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चाचणीत असं मोजणाऱ्यांपैकी शंभरात आठ-नऊ जणांना जखम झाली, न मोजणाऱ्यांत तीसच्या आसपास जणांना.

या पद्धतीतली दोन पायांच्या तुलनेची कल्पना मला फार आवडते. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा कोणाचा पाय गरम नसतो? नुसता एक पाय मोजून काहीच कळणार नाही. पण ऊन दोन्ही पायांना सारखंच लागतं, फरशीचा गारवाही दोघांना सारखाच. म्हणून एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल, तर ते ऊन नव्हे. हवामान, चप्पल, वय, सगळं त्या वजाबाकीतून गळून पडतं आणि उरतो तो आतला बिघाड.

आमच्या ओळखीच्या एका घरी हे मी जवळून पाहिलं. सासरे सत्तरीचे, शुगरला वीस वर्षं झालेली, वावर गावाबाहेर घाटाकडच्या अंगाला. संध्याकाळी ओट्यावर बसले की सून त्यांचे पाय पुसायची आणि खोबरेल लावायची. एक दिवस ती थांबली आणि पुन्हा हात लावून बघू लागली.

"मामाजी, हा पाय गरम लागून रायला."

"उनातून आलो ना वं, गरम नाही लागीन त काय?"

"मंग दुसरा काऊन थंडा?"

मामाजींजवळ याला उत्तर नव्हतं. उत्तर डाव्या चवड्याखाली होतं, अंगठ्याच्या मागे, एका जुन्या घट्ट्याच्या कडेला. कातडी शाबूत होती. घट्ट्यात खसखशीएवढा एक काळसर ठिपका मात्र दिसत होता. घट्ट्याखाली रक्त साकळल्याची ती खूण. त्या सुनेनं लेव्हरी-आर्मस्ट्राँगचं नाव ऐकलेलं नाही. तिच्या प्रश्नात त्यांची सगळी पद्धत होती.

अर्थात हातावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. दोन-अडीच अंशांचा फरक हाताला कधी कळतो, कधी निसटतो, आणि चुलीपाशी राबलेला किंवा गार पाण्यातून काढलेला हात तर हमखास फसवतो. पण करोनाच्या काळात घेतलेले गन थर्मामीटर आज कितीतरी घरांत, दुकानांत आणि ग्रामपंचायतींच्या कपाटांत पडून आहेत. ते या कामाला येऊ शकतात, एक खबरदारी घेतली तर. कपाळाचा ताप बघण्यासाठी ते यंत्र आपला आकडा शरीराच्या तापात बदलून दाखवतं. पायाची कातडी तीस अंशांच्या खाली असली की त्या पद्धतीत ते नुसतं 'लो' म्हणतं आणि माणूस यंत्र बिघडलं म्हणून ठेवून देतो. अनेक यंत्रांत पृष्ठभाग मोजण्याचं वेगळं बटण असतं, त्यावर 'सरफेस' लिहिलेलं असतं. ते दाबायचं. सकाळी उठल्यावर, पाय दहा-पंधरा मिनिटं सावलीत उघडे ठेवून, दोन्ही पायांच्या त्याच जागा सारख्याच अंतरावरून मोजायच्या आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवायच्या. फरक सलग दोन दिवस टिकला तर तो मनावर घ्यायचा. एक पाय आधीच कापलेला असेल, पायाला रक्त कमी पोचत असेल किंवा दोन्ही पाय एकदम बिघडले असतील, तर ही तुलना फसते. अशांनी डॉक्टरांच्या नजरेखालीच राहावं.

बधिरपणा आहे की नाही हे बघायला तर काहीच लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगायचे आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटानं अगदी हलकासा स्पर्श करायचा, दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर जाणीव गेली आहे असं धरायचं. इंग्लंडमधल्या जेरी रेमन यांच्या गटानं ही तपासणी दहा ग्रॅमच्या नायलॉन तंतूच्या प्रस्थापित तपासणीशी ताडून पाहिली आणि ती भरवशाची निघाली. शाळेतलं पोरगंही आजोबांची ही तपासणी करू शकतं.

उष्णता फक्त इशाराच देते असं नाही, ती स्वतःही घाव वाढवते. १९९५ मध्ये अमेरिकेत डुकरांच्या कातडीवर सारखाच दाब पाच तास ठेवून वेगवेगळ्या तापमानांना काय होतं ते पाहिलं. २५ अंशांवर कातडी शाबूत राहिली. तापमान चढत गेलं तसं नुकसान वाढत गेलं आणि ४५ ला ते पार खोल पोचलं. गरम मांसाला रक्त जास्त लागतं आणि दाबाखाली तेच मिळत नाही. डांबरी रस्त्यावर दुपारी चालणाऱ्या बधिर पायावर हे दोन्ही एकदम येतं. शिवाय सरळ भाजणं आहेच. ४४ अंशांवर कातडी जळायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांवर पाच सेकंद पुरतात. मे महिन्यातल्या दुपारी डांबर या दुसऱ्या आकड्याला सहज गाठतं. देवळाच्या आवारातली दगडी फरशीही मागे राहत नाही. जाणीव असलेला माणूस उड्या मारत सावली गाठतो, बधिर पायाचा माणूस शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतो.

आणि इथे मला गजानन महाराजांच्या पालखीबद्दल बोलावंसं वाटतं. शेगावहून निघालेली पालखी अकोला, वाडेगाव करत पातूरला येते आणि पुढे घाट चढून मेडशीकडे जाते. पंढरपूर तिथून अजून कितीतरी लांब असतं. ऊन असतं, रस्ता तापलेला असतो. पातूरकर त्या दिवशी वारकऱ्यांचे पाय धुतात, तेल लावून दाबून देतात, मिठाचं गरम पाणी ठेवतात, औषधं वाटतात. ही सेवा मी लहानपणापासून बघतो आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. त्या आदरानंच म्हणतो, पाय हातात घेण्याआधी एवढं विचारावं, "माउली, शुगर आहे का?" असेल तर गरम पाणी बाजूला ठेवावं, कारण चटका त्या पायाला कळणार नाही आणि पाणी त्याच्यासाठी कोपरानं तपासायला हवं. शेक, गरम विटा, गरम पाण्याची पिशवी तर नकोच. मग दोन्ही पाय एकदम हातात घ्यावेत आणि ताडून बघावेत. एक पाय लालसर, सुजलेला, गरम, आणि जखम मात्र कुठेच नाही, असं असेल तर तो मुळीच दाबू नये. ती मुरगळ नसून शार्को पायाची सुरुवात असू शकते. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ मध्ये दुसऱ्या एका आजारात बधिर सांधे असे ढासळताना पाहिले होते. मधुमेहात तळपायाची हाडं आतल्या आत मोडत जातात आणि माणूस त्यावरून चालतच राहतो. त्याला प्लास्टर आणि विश्रांती तातडीनं लागते. दोन्ही पायांच्या तापमानातला फरक उतरेपर्यंत ते प्लास्टर काढत नाहीत. अशा वारकऱ्याला गाडीत बसवून अकोल्याला पाठवणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि त्याचा नेम मोडला असं त्याला कोणी वाटू देऊ नये.

कारण शेवटी सगळं येऊन ठेपतं ते थांबण्यावर. नेदरलँड्समध्ये अलीकडे तीनशेवर लोकांना घेऊन तापमान मोजण्याची मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा मोजलेल्या जागांवरच्या जखमा नुसत्या मोजण्यानं ठळकपणे कमी झाल्या असं दिसलं नाही. ज्यांनी गरम जागा सापडल्यावर खरोखर चालणं कमी केलं, त्यांना फायदा झाला. यंत्र उष्णता दाखवतं, ती उतरवू शकत नाही. ती उतरते पाय टेकवला नाही तर.

आणि आपल्याकडे थांबणं कोणाला परवडतं? सोयाबीन काढणीला आलं की चार दिवसांत शेंगा फुटतात. कापूस वेचणीला मजूर मिळत नाही म्हणून घरची बाई ओटी बांधून पहाटेच निघते, आणि तिला शुगर आहे हे तिच्यासकट सगळे विसरलेले असतात. पुरुषाचा पाय सुजला तर घर निदान विचारपूस करतं. बाईचा पाय तापलाय हे बघायला तिच्या पायाला हात कोण लावतो? सासऱ्यांचे पाय पुसणाऱ्या सुनेला मी विचारलं, तुझ्या आईला शुगर आहे ना, तिचे पाय कोण बघतं? ती म्हणाली, "तिचे कोन पायते जी, थेच सगळ्याइचे पायते." हा प्रश्न डॉक्टर सोडवू शकत नाहीत. तो घरांनीच सोडवायचा आहे. पाय गरम लागला की घरातल्या कोणीतरी म्हणायला हवं, तुमचं काम मी करतो, तुम्ही बसा. आणि रोजमजुरीच्या घरात असं म्हणणारं कोणी नसेल, तर आठवडाभराच्या बुडालेल्या मजुरीचा विचार सरकारी योजनांतही व्हायला हवा. पाय कापायच्या शस्त्रक्रियेला आपण पैसे देतो. पाय वाचवणाऱ्या आठवड्यालाही ते द्यायला काय हरकत आहे?

डॉ. पेंडसे यांच्यासारख्यांनी दोन हजारच्या दशकात भारतात आणि टांझानियात 'स्टेप बाय स्टेप' या उपक्रमातून डॉक्टर आणि परिचारिका अशा जोड्यांना पायाची काळजी शिकवली. या जोडीतल्या परिचारिकेचं महत्त्व मला आज जास्त जाणवतं. डॉक्टरांचा हात पायापर्यंत पोचायला वेळ लागतो, तिचा हात ड्रेसिंग करताना रोज तिथे असतो. गावात ती जागा आशाताई घेऊ शकतात. त्यांच्या पिशवीत साखर मोजायच्या पट्ट्या असतील, तर पाय बघण्याची दहा मिनिटंही त्यांच्या कामात मोजली जावीत आणि त्यांचं मानधनही त्यांना मिळावं.

मामाजींना दुसऱ्या दिवशी अकोल्याला नेलं. घट्टा तासला, खालचं साकळलेलं रक्त मोकळं झालं, तळाशी नवी कातडी धरायला लागलेली होती. डॉक्टरांनी मऊ तळाची चप्पल दिली आणि वावरात जायची बंदी केली. म्हातारं तगमगलं. बैलांना पाणी कोण दाखवील, मोटर कोण बंद करील, रानडुकरं आली तर काय, असं दिवसभर चालू होतं. पोरानं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वावर सांभाळलं आणि मधल्या वेळात आपली नोकरी केली. सून रोज सकाळी गन थर्मामीटरनं दोन्ही चवडे मोजून महालक्ष्मी कॅलेंडरवर लिहीत होती. सुरुवातीला तीन अंशांच्या आसपास असलेला फरक हळूहळू एकाच्या खाली आला. त्यानंतर डॉक्टरांनी त्यांना रोज थोडं थोडं चालायची परवानगी दिली. आधी ओट्यापासून गोठ्यापर्यंत, मग देवळापर्यंत. वावराला ते आता मोटारसायकलवर मागे बसून जातात आणि धुऱ्यावरच्या लिंबाखाली बसून पोराला काम सांगतात.